बोटाले माहीत असलेला पासवर्ड

या अंकाचे संपादक आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक आहेत. मागच्या दिवाळीत त्यांचा अंक उशिरा निघाला आणि त्याचं कारण त्यांनी ‘काही अपरिहार्य अडचणी’ असं छापलं. ती अडचण म्हणजे एक पाल होती. ती त्यांच्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये शिरली, मेली, आणि जाताना पॉवर सप्लायही घेऊन गेली. मी तिला चिमट्यानं बाहेर काढत होते तेव्हा संपादक म्हणाले, “मॅडम, हे सगळं लिहा न एकदा.” मी मान हलवली. मी कमी बोलते, त्यामुळे लोक माझ्या मानेचा त्यांना हवा तो अर्थ काढतात. त्यांनी होकार काढला.

पुसदला बसस्थानकामागच्या गल्लीत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे विनोदकाकांचं. काका माझ्या वडिलांचे मित्र. काउंटरवर ते बसतात, प्लायवुडच्या आडोशामागच्या टेबलावर मी. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर ‘तात्पुरतं’ म्हणून इथे आले आणि राहिले. पुण्याला गेलेल्या मैत्रिणी विचारतात, अजून डेस्कटॉप कोण वापरतं? अडतवाले, जिनिंगवाले, शाळा, फ्लेक्सवाले, पॅथॉलॉजी लॅब, वकील, सगळेच वापरतात. ज्या कॉम्प्युटरवर रोज काम होतं तो सहसा जुना असतो, आणि जो जुना असतो तो एखाद्या सकाळी सुरू होत नाही. त्या सकाळी लोक आमच्याकडे येतात.

कॉम्प्युटरची पेटी उघडली की ती कुठून आली ते विचारावं लागत नाही. जिनिंगच्या पेटीत सरकीच्या कापसाचा थर असतो, पंख्यावर दुलई घातल्यासारखा. अडतीच्या पेटीत तुरीचा भुसा. ब्युटी पार्लरच्या पेटीत केस. किराणा दुकानातली पेटी उघडली की आधी जिऱ्याचा वास येतो, मग झुरळं येतात. दसरा झाला की सगळ्याच पेट्यांत कुंकू असतं आणि जाळीतून आत पडलेल्या अक्षता. मला हे बघायला आवडतं. माणसांशी न बोलता त्यांच्याबद्दल बरंच कळतं.

बोलायला मात्र लागतंच. ‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत किमान चार वेगवेगळे आजार असतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, हा एक. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही, हा दुसरा. पडद्यावर अक्षरं येतात आणि तिथेच अडकतात, हा तिसरा. सगळं येतं आणि मग थिजतं, हा चौथा. प्रत्येकाचं औषध वेगळं. त्यामुळे आधी विचारावं लागतं की नक्की काय होतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी कमीच बोलायचे. डिप्लोमाही इंग्रजीत. दुकानात नवीन असताना एका म्हाताऱ्या गुरुजींना मी विचारलं, “बूट होतो का?” त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. “बूट? भाईर काढून आलो न बाई मी.”

काका काउंटरवर इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. पण या बाबतीत काकांचीही पाटी कोरी नाही. मदरबोर्डला धंद्यात सगळे ‘मदर’ म्हणतात. काकांनी एकदा एका ग्राहकाला फोन केला, “भाऊ, तुमची मदर गेली.”  पलीकडून बारीक आवाजात, “कव्हा?” काका म्हणाले, “रातीच गेली असन. व्होल्टेजनं.” फोन बंद झाला. संध्याकाळी तो माणूस दुकानात आला तो लालबुंद होऊन. काम टाकून गावाला पळत गेला होता. “माय वट्ट्यावर शेंगा सोलत बसली होती! मलेच म्हणते, काहून रडत आला रे?” तेव्हापासून आमच्या दुकानात ‘बोर्ड’ म्हणतात.

मी हळूहळू लोकांचे शब्द शिकले. वीज नसते, ‘लाईन’ असते. कॉम्प्युटर सुरू होत नाही, ‘उठत नाही’. आणि बिघाड झाल्यावर पेटीतून जो बीप येतो त्याला बायका ‘शिट्टी’ म्हणतात, कुकरची असते तशी. हा शब्द मला पुस्तकातल्या शब्दापेक्षा बरा वाटतो. कॉम्प्युटर जागा होताना आधी स्वतःचं अंग चाचपून बघतो: हे आहे का, ते आहे का. काही सापडलं नाही तर त्याच्याकडे सांगायला पडदा नसतो, म्हणून शिट्ट्या देतो. शिट्ट्यांच्या पद्धतीवरून काय सापडत नाहीये ते ओळखता येतं. मी फोनवर सांगते, “मोबाइल पेटीजवळ धरा,” आणि ऐकते. समोर माणूस नसताना ऐकणं मला चांगलं जमतं.

अशाच एका फोनवरून प्रणाली ओळखीची झाली. हे तिचं खरं नाव नाही. संगणकाच्या लेखात शोभेल म्हणून मी ते ठेवलं आहे.

“ताई, पंखा फिरून राह्यला, पण काई दिसत नाही. आन् शिट्ट्या मारून राह्यला.”

“कशा? लांब का छोट्या?”

“लांब. थांबतच नाही. गॅस बंद कराव वाटते.”

लांब, न थांबणाऱ्या शिट्ट्या म्हणजे बहुतेक वेळा रॅम. मी तिला पेटी घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती फुलसावंगीहून बसनं आली. पेटी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. तिनं सांगितलं की कंडक्टरनं विचारलं होतं, “याचं हाफ तिकीट काढायचं का ताई? मोठा दिसते वयानं.” ती हे सांगून हसली, मग लगेच गंभीर झाली. माझ्याहून थोडी लहान असेल. पेटी उघडताना काउंटरच्या पलीकडे न थांबता ती सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सहसा मला ते आवडत नाही. पण ती बोलत नव्हती, नुसती बघत होती, म्हणून मी तिला उभं राहू दिलं.

रॅम ही बोटभर लांबीची, चपटी पट्टी असते. बोर्डवरच्या एका खाचेत उभी बसते, दोन टोकांना दोन कुलपं तिला धरून ठेवतात. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. दमट हवेत आणि धुळीत त्या दातांवर मळ चढतो, मग कॉम्प्युटरला ती सापडत नाही. उपाय सोपा आहे: कुलपं उघडायची, पट्टी काढायची, शाळेतल्या खोडरबरानं दात घासायचे, पुसायचे, परत टक् आवाज येईपर्यंत दाबायची. मी तसं केलं. कॉम्प्युटर उठला.

“एवढंच?” तिनं विचारलं.

“एवढंच.”

“टक् वाजलं म्हणजे बसली?”

“हो.”

तिच्या पेटीचा एक स्क्रू हरवलेला होता. मी माझ्याकडचा काळा लावला, वरच्या कोपऱ्यात. बाकीचे पांढरे होते.

पुढच्या महिन्यात ती परत आली. तोच बिघाड. मला जरा लागलं. परत आलेली पेटी म्हणजे कामात कुठेतरी कच्चेपणा राहिला, असं मी मानते. मी पट्टी पुन्हा घासली, खाच ब्रशनं साफ केली. ती “तासाभरानं येतो” म्हणून गेली आणि बरीच उशिरा आली. मग तिसऱ्यांदा आली. तेव्हा मी पेटी उघडण्याआधी नीट बघितलं. काळा स्क्रू खालच्या कोपऱ्यात होता.

झाकण काढलं. रॅमची दोन्ही कुलपं व्यवस्थित उघडी होती आणि पट्टी खाचेत नुसती टेकवून ठेवलेली होती. हादऱ्यानं एखादं कुलूप सुटू शकतं. दोन्ही एकदम, इतकी सारखी, सुटत नाहीत.

“रॅम निघाली होती,” मी म्हटलं.

“हो का.”

काका काउंटरवर कुणाशी तरी प्रिंटरवरून वाद घालत होते. तिनं त्या बाजूला एकदा बघितलं.

“आपोआप निंघते का ते?” तिनं विचारलं.

“नाही.”

यानंतर आम्ही दोघी गप्प बसलो. मला गप्प बसायची सवय आहे, तिला नसावी. तिनं गोधडीची घडी केली, मोडली, परत केली, आणि सांगितलं.

तिला सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. मराठी टायपिंग. ते प्रमाणपत्र असलं की लिपिकाच्या जागांसाठी अर्ज करता येतो, वकिलाकडे, संस्थेत काम मिळतं. लग्नाआधी तिनं अर्धं शिकून सोडलं होतं. सासरी विषय काढला तेव्हा कुणी नाही म्हटलं नाही. उलट सासऱ्यांनी उमरखेडहून जुना कॉम्प्युटर आणून दिला. नवरा भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो, त्याचं म्हणणं काहीच नव्हतं. सासूचं होतं.

“ते म्हणते, घरी आणून देल्ला न कॉम्प्युटर? मंग बाहीर कायले जातं? आता ते बरोबर बोलते का चूक, मले समजतच नाही. घरीच हाय तर घरीच शिकावं. पण परीक्षा घरी येते का ताई? फॉर्म भरा, स्पीड दाखवा, सर समोर बसून पाहते. तो क्लास इथं पुसदले हाय.”

“सांगितलं नाही का त्यांना?”

“सांगतलं. म्हणते, अधी घरी शिक त, मंग पाहू. मंग म्हंजे कव्हा?”

पहिल्यांदा कॉम्प्युटर खरंच बिघडला होता. तेव्हा तिला कळलं की बिघडलेली पेटी घेऊन पुसदला जायला कुणाची हरकत नसते. वस्तू दुरुस्त करून आणणं हे घरचं काम. तिनं माझ्या टेबलाशी उभं राहून सगळं पाहून घेतलं होतं. कॉम्प्युटर उठला की ती घरात. बंद पडला की ती बसमध्ये. सराव करायला तो चालू हवा आणि शिकवणीला जायला बंद. ती दोन्ही करत होती, रॅमच्या दोन कुलपांवर.

  मी काळा स्क्रू परत वरच्या कोपऱ्यात लावताना सांगितलं, “हा वर असतो. आणि आतल्या धातूला आधी हात लावायचा, मग रॅमला. नाहीतर अंगातल्या विजेनं खरंच जाईल.”

तिनं मान हलवली. तिची मान मला कळली.

त्यानंतर ती आली की मी पेटी उघडायची, टक् करायची, आणि ती परत येईपर्यंत टेबलाखाली ठेवायची. काका म्हणायचे, “हे फुलसावंगीची पेटी लैच नाजूक हाय बा. बोर्ड बदलून टाक एकदाचा.” मी म्हणायचे, बघते. एकदा मी डबा खायला गेले असताना काकांनी तिला नवीन कॉम्प्युटर विकायचा प्रयत्न केला. “पाच वर्षं वळून पाहणार नाही याच्याकडे!” ती घाबरून म्हणाली, “नको काका, हाच बरा हाय.” काकांना तिच्या काटकसरीचं फार कौतुक वाटलं.

परीक्षेची तारीख लागली. शेवटच्या खेपेला तिनं मला बेत सांगितला: आदल्या दिवशी सकाळी घरी पेटी बंद पाडायची, दिवसभर शिट्ट्या सगळ्यांना ऐकवायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्या बसनं घेऊन यायची. बेत चांगला होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती. तिचे सासरे भले गृहस्थ होते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. मागे सोयाबीनच्या पोत्यावर पेटी ठेवून दोरीनं बांधली होती. गोधडी मी ओळखली. पन्नाशीच्या पुढचा, उन्हानं रापलेला माणूस दोरी सोडत होता. सगळे त्यांना बापू म्हणतात, तर मीही तसंच लिहिते.

“नमस्कार. मले मोटरपंपाचं सामान घ्याचं होतं, तं म्हटलं हे बी घिऊन जावं. सुनीले कायले उद्या तकलीफ? बसमधी मांडीवर घिऊन बसते बिचारी. आज करून द्या, सांजी घिऊन जातो.”

काका म्हणाले, “अजी, दोन मिंटाचं काम हाय त्याचं. मॅडमच्या हातचं झालं. चहा घ्या तुमी.”

मी पेटी आत आणली. काळा स्क्रू वरच्या कोपऱ्यात. आत दोन्ही कुलपं उघडी, पट्टी टेकवलेली. तिनं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, आणि आता ती घरी बसून होती. पेटी दुरुस्त होऊन संध्याकाळी घरी गेली की उद्या पुसदला यायचं काही कारण उरत नव्हतं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. तोपर्यंत ‘मंग पाहू’.

मी टक् केलं. कॉम्प्युटर उठला, सरळ पडद्यापर्यंत. तिच्या कॉम्प्युटरला कधीच पासवर्ड नव्हता. मी पडदा बंद केला आणि बाहेर आले.

“याला पासवर्ड लागेल,” मी म्हटलं. “सूनबाईंनाच यावं लागेल उद्या. त्यांच्या हातानं उघडून बघावं लागेल.”

मी न विचारता बोलले, हे काकांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या लक्षात दुसरंच आलं. “पासवर्ड? हात्तिच्या! कायले बोलवतं तिले? मी काढून देतो न, माह्यापाशी सीडी हाय. कोणताही पासवर्ड उडवते!” आणि ते खरंच ड्रॉवर उघडायला लागले. ही सीडी ते सगळ्यांना दाखवतात. बऱ्याच दिवसांत तिचा उपयोग झाला नव्हता.

“काका, डेटा जाईल.”

माझा आवाज बहुधा मोठा झाला असावा, कारण काका हातात ड्रॉवर धरून माझ्याकडे बघत राहिले. डेटा गेला नसता. पण ‘डेटा जाईल’ या दोन शब्दांपुढे आमच्या धंद्यात कुणी काही बोलत नाही. त्यांनी ड्रॉवर लावला.

बापू मात्र व्यवहारी माणूस. “मंग फोन लावू न,” ते म्हणाले. “पासवर्डच इचाराचा हाय न? ते सांगन.”

याचा मी विचार केलेला नव्हता. त्यांनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल काउंटरवर ठेवला. पलीकडे घंटी वाजत होती. फोन तिनं उचलला. मागे कुठेतरी मिक्सर चालू होता.

“अवो, मी पुसदले हाय. मॅडम पासवर्ड मागून राह्यल्या. सांग त्यायले.”

मिक्सर बंद झाला.  मी काउंटरच्या काचेखालचं वॉरंटीचं स्टिकर वाचत होते. जो पासवर्ड नाही तो ती काय सांगणार, आणि ‘पासवर्ड? नाही तं!’ असं म्हणाली की संपलं.

“ताई हाय का तिथं?” तिनं विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “कॉम्प्युटर झालाय. फक्त पासवर्ड हवा. नाहीतर उद्या तुम्हाला यावं लागेल.”

 ती एकदम साध्या आवाजात म्हणाली, “तो सांगून नाही जमत, मामाजी. तो माह्या बोटाले माहीत हाय. तोंडाले नाही.”

“म्हंजे?”

“टायपिंगमधी तसंच होते. बोटं बसले का आपोआप पडते. अक्षरं इचारले तं नाही सांगता येत. हात ठेवल्याशिवाय मलेच नाही माहीत.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बापूंनी मोबाइल उचलला, स्पीकर बंद केला, “बरं, बरं,” म्हणून खिशात ठेवला. मग चहा संपवला.

“खरं हाय ते,” ते काकांना म्हणाले. “आमचा विहिरीवरचा स्टार्टर. कोणत्या टिचकीनं लागते, मले जर इचारलं तं मी नाही सांगू शकत. पोरगं इचारते, बापू, कसा लावता? मी म्हणतो, बाबू, हात गेला का लागते.” त्यांनी कप ठेवला. “देतो धाडून उद्या. पहिल्याच गाडीनं.”

मोटारसायकल गेल्यावर काका म्हणाले, “बोटाले माहीत! काय एकेक लोक असते बा.” आणि सीडीचं पाकीट पुसून परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं तेव्हा ती पायरीवर उभी होती. मोकळ्या हातानं. मांडीवर पेटी नसल्यामुळे बसमध्ये हातांचं काय करावं ते कळलं नाही, असं म्हणाली. मी तिचा कॉम्प्युटर टेबलावर लावून दिला. ती अर्धा तास टाइप करत बसली, बोटं मोकळी व्हावीत म्हणून. मी दुसऱ्या पेटीचा कापूस काढत होते. कळफलकाचा आवाज सुरुवातीला अडखळत होता, मग सलग झाला, छपरावर बारीक खडे ओतल्यासारखा. मग थांबला. ती उठली, केसांची पिन घट्ट केली आणि गेली.

परत आली तेव्हा मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. “पत्र झालं. तक्ता झाला. उताऱ्याची शेवटची एक ओळ राह्यली.” मी पेटी गोधडीत गुंडाळून दिली. दारातून ती वळली. “ताई, घरी जर पाहलं कोणी, का पासवर्ड नाही मागत ह्यो?”

“टाकून देऊ का एक?”

तिनं विचार केला. “नको. माह्याशिवाय लावूनच पाहत नाही कोणी.”

शेवटची ओळ राहूनही ती पास झाली. हे मला तिनं फोनवर सांगितलं. त्यानंतर तिच्या शिट्ट्या आल्या नाहीत. आमच्या धंद्यात पेटी परत आली नाही की काम चांगलं झालं असं समजतात. इथे तसं समजायला आधार नव्हता. परीक्षा पास झाल्यावर पुढे काय, हे मला माहीत नव्हतं, आणि फोन करून विचारावं असा माझा स्वभाव नाही. काका अधूनमधून म्हणायचे, “फुलसावंगीची पेटी सुधरली म्हणायची.”

बरेच महिने गेले. यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती मोटारसायकल परत थांबली. पोतं, दोरी, पेटी. गोधडी नव्हती. बापू एकटेच होते.

“या बारी शिट्टी बी नाही मारत,” ते म्हणाले. “काईच नाही. पार थंडा.”

मी पेटी आत नेली. काळा स्क्रू वरच्या कोपऱ्यात होता, आणि त्याच्या खाचेत धूळ बसली होती. झाकण काढलं. आत सगळीकडे बारीक, पिवळसर धूळ होती. हळद पिकवणाऱ्यांच्या घरातली असते तशी. पंख्यावर, तारांवर, आणि रॅमच्या पट्टीवर एकसारखी. दोन्ही कुलपं लागलेली. त्यांच्यावरची धूळ कुठेही मोडलेली नव्हती. किती तरी दिवसांत तिथे कुणाचं बोट लागलं नव्हतं.

बिघाड खरा होता. पॉवर सप्लाय जळला होता.

मी पंखा साफ केला, तारा साफ केल्या. रॅमवरची धूळ आधी बघत राहिले, मग तीही झटकली. ते कामच आहे.

बापू या खेपेला आत आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले, ती राहायची त्याच जागी. “घरी आता त्याले कोणी हातच लावत नाही,” ते सांगत होते. “ते जाते न रोज महागावले. वकिलापाशी टायपिंग करते. सकाळच्या गाडीनं जाते, सांजी येते. सासू आता डबा बांधून देते. तोंड करते, पण बांधून देते. काल मीच म्हटलं, पोराचे ट्रॅक्टरचे कागद पाहू त्याच्यात, तं लागूनच नाही राह्यला.”

हा मजकूर मी कागदावर लिहिला. टाइप तिनंच केला आहे. आधी तिला पूर्ण वाचायला दिला आणि काही काढायचं असेल तर काढ म्हणून सांगितलं. तिनं माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, सासूचं वाक्य थोडं सौम्य केलं, आणि बाकी तसंच ठेवलं. पुढचा भाग मात्र टाइप करेपर्यंत तिला माहीत नव्हता.

नवीन पॉवर सप्लाय बसवून मी बटण दाबलं. पंखा फिरला. एक छोटी शिट्टी झाली. एक छोटी म्हणजे सगळं सापडलं. पडदा उजळला, आणि कुठेही न थांबता, काहीही न विचारता, कॉम्प्युटर सरळ उघडला.

बापू पडद्याकडे बघत होते.

“पासवर्ड नाही इचारला यानं,” ते म्हणाले.

“नाही.”

“तिनं काढून टाकला असन.”

मी तार गुंडाळत होते. ती आधीच गुंडाळलेली होती.

“का तव्हाही नोताच?”

ज्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत असतं, तिथे मला सगळ्यात जास्त अडचण होते. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. बापूंनी मात्र त्यातून काहीतरी काढलं. त्यांनी पेटीवर एकदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि दोरी हातात घेतली.

“ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते म्हणाले. “तुमच्या मानीले माहीत असन.”